रुग्णालयातील मनुष्यबळ व्यवस्थापनात करिअर : कोल्हापूर परिसरातील उमेदवारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, सांगली आणि मिरज या पट्ट्यातील जे पदवीधर रुग्णालयांच्या एचआर विभागात नोकरी करू इच्छितात, तसेच जे कारखान्यातून किंवा वॉर्डातून या विभागात येऊ पाहतात, त्यांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : कारखान्यातील एचआर आणि रुग्णालयातील एचआर यांत असा कोणता मोठा फरक आहे?

हा प्रश्न बहुधा शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत टाइम ऑफिस सांभाळलेले उमेदवार विचारतात. हजेरी, पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधी आणि रजेचा हिशेब ही कामे दोन्हीकडे सारखीच असल्याने त्यांचा अनुभव वाया जात नाही. फाउंड्रीत एका पाळीला दोन मोल्डर आले नाहीत तर उत्पादन घटते आणि ते दुसऱ्या दिवशी भरून काढता येते. अतिदक्षता विभागात रात्रपाळीची एक परिचारिका आली नाही, तर तिचे काम दुसऱ्या दिवसावर टाकता येत नाही. संध्याकाळच्या पाळीतील सिस्टर दमलेली असली तरी तिला थांबवावे लागते, आणि दमलेल्या माणसाच्या हातून औषधाचा डोस चुकण्याची शक्यता वाढते.

दुसरा फरक परवान्याचा आहे. कारखान्यात कामगाराचे कौशल्य त्याचा सुपरवायझर पारखतो. रुग्णालयात मात्र कौशल्य कितीही असले तरी संबंधित परिषदेकडे नोंदणी नसेल, तर त्या व्यक्तीला परिचारिका किंवा औषधनिर्माता म्हणून उभे करता येत नाही. तिसरा फरक अधिकाराच्या उतरंडीचा आहे. रुग्णालयात सर्वाधिक प्रभाव असलेले लोक, म्हणजे सल्लागार डॉक्टर, पुष्कळदा पगारी कर्मचारीच नसतात, आणि तरीही वॉर्डातील प्रत्येकाचे काम त्यांच्या शब्दावर चालते. ज्यांना हुकूम देऊन काम करून घेण्याची सवय आहे त्यांना ही रचना सुरुवातीला जड जाते.

प्रश्न : कोल्हापुरात अशा नोकऱ्या खरोखर आहेत का, की पुणे-मुंबई गाठावी लागते?

आहेत. कोल्हापूर हे केवळ जिल्ह्याचे उपचारकेंद्र नाही. घाट चढून येणारे सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचे रुग्ण, तसेच निपाणी, चिकोडी भागातील सीमेपलीकडचे रुग्ण येथे नियमित येतात, त्यामुळे शहराच्या लोकसंख्येच्या मानाने येथील रुग्णालयांचा पसारा मोठा आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले सीपीआर, डी. वाय. पाटील समूहाचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, कणेरी मठाचे सिद्धगिरी रुग्णालय, शिवाय शहरातील खासगी सुपरस्पेशालिटी आणि एकाच विशेष शाखेची रुग्णालये असा हा विस्तार आहे. तासाभराच्या अंतरावर मिरज आहे. तेथे विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलपासून वैद्यकीय परंपरा चालत आली आहे.

मात्र या रुग्णालयांचे प्रकार वेगळे आहेत आणि ते समजून अर्ज करावा. शासकीय रुग्णालयात एचआर नावाचा विभाग सहसा नसतो. तेथे आस्थापना विभाग असतो आणि त्यातील पदे शासनाच्या भरतीतून भरली जातात. वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या खासगी रुग्णालयात अध्यापक, निवासी डॉक्टर आणि परिचर्या महाविद्यालय असे सगळेच एका छताखाली असते. तीस-चाळीस खाटांच्या रुग्णालयात बहुतेक वेळा डॉक्टरांच्या घरातील कोणीतरी, किंवा लेखापाल, हे काम सांभाळत असतो. स्वतंत्र एचआर अधिकारी नेमण्याची गरज साधारणपणे खाटांची संख्या शंभराच्या आसपास गेल्यावर, किंवा रुग्णालय एनएबीएच या रुग्णालयांच्या गुणवत्तेच्या राष्ट्रीय मानांकनाची तयारी करू लागल्यावर भासते. म्हणून कोणत्या रुग्णालयाने मानांकनासाठी हालचाल सुरू केली आहे याची माहिती ठेवावी. जाहिरात येण्याआधीच तेथे माणसाची गरज निर्माण झालेली असते.

प्रश्न : कोणते शिक्षण घ्यावे?

मनुष्यबळ हा विशेष विषय घेऊन एमबीए, समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी म्हणजे एमएसडब्ल्यू, किंवा रुग्णालय प्रशासनातील पदव्युत्तर पदवी हे तीन मुख्य मार्ग आहेत. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत व्यवस्थापनाचे शिक्षण मिळते. १९७६ मध्ये सुरू झालेल्या आणि कोल्हापुरात ‘सायबर’ या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत व्यवस्थापन आणि समाजकार्य या दोन्ही शाखा आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासन आणि मनुष्यबळ व्यवस्थापन हे दोन्ही स्वतंत्र अभ्यासक्रम चालतात, पण तेथील प्रवेशाची स्पर्धा राष्ट्रीय पातळीची आहे. महाराष्ट्रातील एमबीए प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते.

आमचे मत विचाराल तर पदवी कोणतीही असो, तिच्या जोडीला कामगार कायदे व कामगार कल्याण या विषयाची पदविका करावी. ती नोकरी सांभाळून करता येते, आणि छोट्या रुग्णालयात कायद्याचा वेगळा सल्लागार नसल्याने अशा उमेदवाराचे वजन लगेच वाढते. उलटपक्षी, दोन-तीन महिन्यांत ‘हॉस्पिटल एचआर तज्ज्ञ’ करण्याचे आश्वासन देणाऱ्या ऑनलाइन प्रमाणपत्रांवर मोठी रक्कम खर्च करू नये. ती प्रमाणपत्रे बायोडाटावर चांगली दिसतात, पण निवड त्यांच्यावर होत नाही.

प्रश्न : मी परिचारिका आहे. मला एचआरमध्ये येता येईल का?

येता येईल, आणि रुग्णालयाने अशा उमेदवाराला प्राधान्य द्यावे असे आम्हाला वाटते. पाच-सात वर्षे वॉर्डात काढलेल्या सिस्टरला कोणत्या पाळीत कामाचा ताण कधी चढतो, कोणत्या विभागात नवख्या मुलीला एकटीला ठेवू नये, आणि मावशी-मामांची, म्हणजे वॉर्डातील मदतनीसांची, रजा सणाच्या आठवड्यात एकदम का येते, हे शिकवावे लागत नाही. तिच्याकडे कमी असतो तो कायद्याचा आणि संगणकावरील हिशेबाचा भाग, आणि तो शिकता येतो. नोकरीत राहूनच आधी इन्फेक्शन कंट्रोल, गुणवत्ता विभाग किंवा प्रशिक्षण समन्वयक अशा कामांची जबाबदारी मागून घ्यावी आणि तेथून एचआरकडे वळावे. अधिसेविकेशी, म्हणजे मेट्रन मॅडमशी, संबंध बिघडवून हा बदल करू नये, कारण पुढे रोजचे काम त्यांच्याबरोबरच करायचे असते.

प्रश्न : पहिल्या वर्षी प्रत्यक्षात कोणते काम करावे लागते?

कागदाचे. हे ऐकून काही उमेदवारांचा हिरमोड होतो, पण रुग्णालयातील एचआरचा पाया वैयक्तिक फायलीतच आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या फायलीत शिक्षणाची प्रमाणपत्रे, परिषदेकडील नोंदणी, आधीच्या नोकरीचा अनुभवाचा दाखला, नेमणूकपत्र, कामाचे स्वरूप, लसीकरणाची नोंद, वार्षिक आरोग्य तपासणी, प्रशिक्षणाच्या नोंदी आणि कामगिरीचे मूल्यमापन असावे लागते. एनएबीएचच्या मानकांतील दहा प्रकरणांपैकी एक संपूर्ण प्रकरण मनुष्यबळ व्यवस्थापनाचे आहे, आणि तपासणीला आलेले परीक्षक कपाटातून कोणतीही एक फाइल काढून तेथूनच प्रश्न विचारू लागतात.

यातील नोंदणीची पडताळणी सर्वांत महत्त्वाची आहे. परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, औषधनिर्मात्यांची राज्य फार्मसी परिषदेकडे, ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, तर निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करणाऱ्या आयुर्वेद पदवीधरांची महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे असते. नोंदणीला मुदत असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते. कर्नाटकातून शिकून आलेल्या परिचारिकेची नोंदणी तिकडच्या परिषदेची असते आणि ती महाराष्ट्राकडे वर्ग करून घ्यावी लागते. कोल्हापूर सीमेवर असल्याने हा मुद्दा येथे पुण्यापेक्षा अधिक वेळा उपस्थित होतो. शिवाय नर्सिंगची दोन वर्षांची एएनएम, तीन वर्षांची जीएनएम आणि चार वर्षांची बीएससी यांतील फरक नवीन एचआर अधिकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात पाठ हवा. ‘नर्स आहे’ एवढ्या उत्तरावर नेमणूक करून तिला अतिदक्षता विभागात पाठवणे धोक्याचे आहे.

याशिवाय जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षण देणे, तसेच हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे आवश्यक आहे. क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञांचे टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेल्या किरणोत्साराची मात्रा मोजणारे बिल्ले, दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात की नाही, हेही कोणीतरी पाहावे लागते. कागदोपत्री ते काम दुसऱ्या विभागाचे असले, तरी नोंद मात्र एचआरकडेच मागितली जाते.

प्रश्न : एखाद्या वॉर्डासाठी किती परिचारिका लागतात हे कसे ठरवतात?

हा हिशेब ज्याला येतो त्याला मुलाखतीत बाकीचे फारसे विचारत नाहीत, म्हणून तो सविस्तर पाहू. सर्वसाधारण वॉर्डात प्रत्येक पाळीला सहा रुग्णांमागे एक परिचारिका, अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे एक आणि व्हेंटिलेटर नसलेल्या दोन रुग्णांमागे एक, हे सर्वमान्य प्रमाण आहे. तीस खाटांचा वॉर्ड पूर्ण भरलेला धरला तर प्रत्येक पाळीला पाच, आणि तीन पाळ्यांना पंधरा परिचारिका लागतात. बहुतेक व्यवस्थापक येथेच थांबतात आणि पंधरा पदे मंजूर करतात.

पण वॉर्ड आठवड्याचे सातही दिवस चालतो, परिचारिका सहा दिवस काम करते. आठवड्याच्या एकशे पाच ड्युट्यांना सहाने भागले तर साडेसतरा परिचारिका होतात. त्यात किरकोळ रजा, आजारपण, प्रसूती रजा आणि प्रशिक्षणाचे दिवस अजून धरलेलेच नाहीत. त्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेच्या मापदंडांत तीस टक्के रजा राखीव पदे धरली आहेत. साप्ताहिक सुट्याही या तीस टक्क्यांतच धरल्या, तर पंधराचे तीस टक्के म्हणजे साडेचार. म्हणून हा वॉर्ड नीट चालवायचा तर वीस परिचारिका हव्यात. पंधरा मंजूर केल्या की उरलेल्या पाच जणींचे काम डबल ड्युटीतून आणि रद्द केलेल्या सुट्यांतून काढले जाते, मग दमलेल्या मुली राजीनामा देतात, आणि पुन्हा वाढलेला भार शिल्लक राहिलेल्यांवर येतो. परिचारिका टिकत नाहीत, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या एका चुकलेल्या भागाकारात असते.

दहा खाटांच्या अतिदक्षता विभागात चार रुग्ण व्हेंटिलेटरवर असतील तर त्यांच्यासाठी चार आणि उरलेल्या सहांसाठी तीन, अशा सात परिचारिका एका पाळीला लागतात. व्हेंटिलेटरवरील रुग्णांची संख्या रोज बदलत असल्याने येथे महिनाभराचे ड्युटी चार्ट लावून मोकळे होता येत नाही.

प्रश्न : कोणते कायदे माहीत असणे आवश्यक आहे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य या विषयांच्या चार श्रम संहिता देशात लागू झाल्या आणि त्यांनी २९ जुन्या कामगार कायद्यांची जागा घेतली. जुनी पुस्तके वाचून परीक्षा देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. नेमणूकपत्र देणे आता कायद्याने बंधनकारक आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता कमी दाखवून बाकीचे भत्त्यांत टाकण्याची जुनी युक्ती चालत नाही, कारण वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते. ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचारी एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीला पात्र होतो. रुग्णालयांमध्ये अकरा-अकरा महिन्यांचे करार करण्याची पद्धत रूढ असल्याने या तरतुदीचा विचार करूनच करार लिहावेत.

प्रसूती रजा २६ आठवड्यांची असते. आधीची दोन किंवा अधिक अपत्ये हयात असतील तर ती १२ आठवड्यांची असते. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत पाळणाघराची सोय करावी लागते. रुग्णालयात स्त्री कर्मचाऱ्यांचे प्रमाण मोठे असल्याने या तरतुदी येथे पुस्तकात राहत नाहीत, कोणत्याही महिन्यात दोन-तीन जणी या रजेवर असतातच.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेला लागू आहे. अंतर्गत समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री असावी लागते, किमान निम्मे सदस्य स्त्रिया असाव्या लागतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते आणि चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करायची असते. समितीचा फलक भिंतीवर लावला म्हणजे काम झाले असे अनेक ठिकाणी मानले जाते. रात्रपाळीच्या मुलीला समितीतील एकाही सदस्याचा फोन क्रमांक ठाऊक नसेल तर तो फलक निरुपयोगी आहे.

डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांबाबत महाराष्ट्राचा २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंत कारावास, ५० हजार रुपयांपर्यंत दंड आणि मालमत्तेच्या नुकसानीच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीच्या बलात्कार व हत्येच्या घटनेनंतर केंद्र सरकारच्या रुग्णालयांना कर्मचाऱ्यावर हल्ला झाल्यास सहा तासांच्या आत संस्थेतर्फे पोलिसांत तक्रार नोंदवण्याच्या सूचना देण्यात आल्या. खासगी रुग्णालयांनीही हाच शिरस्ता ठेवावा. मार खाल्लेल्या सिस्टरला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवणे हे एचआर विभागाला शोभणारे नाही.

रुग्णालय हा उद्योग आहे का, म्हणजे औद्योगिक वादाचे कायदे त्याला लागू होतात का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यापासून गाजत आला आहे. तेव्हाच्या निकालाने रुग्णालये उद्योगाच्या व्याख्येत आली, तर नव्या औद्योगिक संबंध संहितेने पूर्णतः किंवा प्रामुख्याने धर्मादाय कार्य करणाऱ्या संस्थांना त्या व्याख्येतून वगळले आहे. आपले रुग्णालय कोणत्या प्रकारात मोडते हे विश्वस्तांच्या समजुतीवर न सोडता वकिलाकडून लेखी समजून घ्यावे. वरच्या न्यायालयात जाण्याची वेळ आलीच, तर ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसत असल्याने प्रत्येक तारखेला मुंबई गाठण्याची दगदग उरलेली नाही.

प्रश्न : डॉक्टरांची नेमणूकही एचआरकडे असते का?

अंशतः असते. निवासी वैद्यकीय अधिकारी सहसा पगारावर असतात, तर सल्लागार डॉक्टर व्यावसायिक शुल्कावर काम करतात आणि त्यांच्या मोबदल्याच्या अटी व्यवस्थापन थेट ठरवते. एचआरचे काम कागदपत्रांची शहानिशा करण्याचे असते : पदवी मूळ आहे का, नोंदणी चालू आहे का, व्यावसायिक विम्याची मुदत संपली नाही ना. त्यानंतर कोणत्या डॉक्टरने कोणत्या शस्त्रक्रिया आणि प्रक्रिया करायच्या याची यादी वैद्यकीय समिती मंजूर करते आणि एचआर ती जपून ठेवते. ज्येष्ठ सर्जनकडे कागद मागताना संकोच वाटतो हे खरे. ‘विमा कंपनीच्या आणि जनआरोग्य योजनेच्या फायलीसाठी हवे आहे, सर’ असे सांगितल्यास काम लवकर होते, आणि ते खोटेही नसते.

प्रश्न : परिचारिका सोडून जातात. एचआर त्यावर काय करू शकतो?

शासकीय भरतीचा निकाल लागला की खासगी रुग्णालयांतील एकेक वॉर्ड रिकामा होतो, आणि ते थांबवणे कोणाच्याही हातात नाही. लग्न, परदेशातील नोकरी आणि पुण्याचा पगार ही कारणेही तशीच आहेत. मात्र मूळ प्रमाणपत्रे कपाटात अडकवून ठेवणे हा उपाय नव्हे. तो गैर तर आहेच, शिवाय नर्सिंग महाविद्यालयांच्या वसतिगृहांत अशा रुग्णालयाचे नाव फार लवकर पसरते आणि पुढच्या वर्षी मुलाखतीला मुलीच येत नाहीत.

पगाराबाबत एक आधार सांगता येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने २०१६ मध्ये अशी शिफारस केली की, दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने परिचारिकेला राज्य शासनाइतके वेतन द्यावे, शंभर ते दोनशे खाटांच्या रुग्णालयातील वेतन त्याहून दहा टक्क्यांपेक्षा आणि पन्नास ते शंभर खाटांच्या रुग्णालयातील पंचवीस टक्क्यांपेक्षा अधिक कमी नसावे, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयानेही किमान २०,००० रुपये द्यावेत. ही शिफारस बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली आहे. तरी व्यवस्थापनासमोर वेतनवाढीचा प्रस्ताव मांडताना ती हाताशी असावी.

पगार वाढवणे शक्य नसेल तेव्हाही बरेच काही करता येते. ड्युटी चार्ट महिना सुरू होण्याच्या आठवडाभर आधी लावावा आणि तो मनमानीने बदलू नये. सलग रात्रपाळ्यांनंतर ठरलेली सुटी मिळावी. रात्री उशिरा पाळी संपणाऱ्या मुलींसाठी वाहनाची सोय असावी, कारण कागल, हातकणंगले किंवा पन्हाळ्याच्या बाजूला जाणारी शेवटची एसटी त्यांच्यासाठी थांबत नाही. जोतिबाची चैत्र यात्रा, नवरात्र आणि गणपती या दिवसांतील सुट्या आलटून पालटून द्याव्यात, आणि गेल्या वर्षी कोणाला मिळाली याची नोंद ठेवावी. या गोष्टींना फार पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

प्रश्न : महापुराच्या काळात एचआरचे काम काय असते?

कोल्हापुरातील मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो, आणि बाहेरून आलेले उमेदवार त्याला दचकतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. पलीकडच्या गावांत राहणारा कर्मचारी शहरात येऊ शकत नव्हता आणि आत असलेला घरी जाऊ शकत नव्हता. त्यामुळे प्रत्येक कर्मचाऱ्याचा पत्ता नदीच्या कोणत्या बाजूला आहे याची यादी पावसाळ्यापूर्वी तयार हवी. राजाराम बंधाऱ्यावरील पाणी इशारा पातळीकडे सरकू लागताच कोणाला रुग्णालयातच मुक्कामी ठेवायचे, त्यांच्या झोपण्या-जेवणाची सोय कोठे करायची, अडकून पडलेल्यांची हजेरी कशी लावायची आणि जादा कामाचा मोबदला किती द्यायचा, हे आधी ठरवून लेखी ठेवावे. ज्या सिस्टरच्या स्वतःच्या घरात पाणी शिरले आहे तिला कामावर बोलावण्यापूर्वी तिच्या घरच्यांची सोय झाली का, हे विचारणे एचआरचे काम आहे. पुरात गैरहजर राहिलेल्यांचा पगार कापण्याचा निर्णय ज्या व्यवस्थापनाने घेतला, त्याला पुढच्या पुरात कोणी स्वखुशीने थांबत नाही.

प्रश्न : पगार किती मिळतो?

तो रुग्णालयाच्या आकारावर आणि अनुभवावर इतका अवलंबून असतो की एक आकडा सांगणे दिशाभूल करणारे ठरेल. हाती येणारी रक्कम आणि जाहिरातीतील सीटीसी, म्हणजे मालकाला पडणारा एकूण खर्च, यांतील अंतर मात्र प्रत्येकाने काढता यायला हवे. समजा, एकूण मासिक पगार १८,००० रुपये आहे आणि त्यातील मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० आहेत. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,८००, कर्मचारी राज्य विम्याचे ०.७५ टक्के म्हणजे १३५, आणि पुरुष कर्मचारी असल्यास व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जाऊन हाती १५,८६५ येतात. स्त्री कर्मचाऱ्याला २५,००० पर्यंत व्यवसाय कर नसल्याने तिच्या हाती १६,०६५ येतात. मालकाचा खर्च वेगळा : राज्य विम्याचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५, आणि प्रशासकीय शुल्कासह निर्वाह निधीचे १३ टक्के म्हणजे १,९५०. म्हणजे सीटीसी झाली २०,५३५. विम्याची मर्यादा २१,००० रुपयांच्या पगाराची आहे. वेतनवाढीने ती ओलांडली की ते वैद्यकीय संरक्षण पुढे संपते, ही गोष्ट कर्मचाऱ्याला आधी सांगावी.

प्रश्न : सरकारी आरोग्य सेवेत या प्रकारचे काम मिळते का?

आस्थापना विभागातील लिपिकवर्गीय पदे सरळसेवा भरतीतून भरली जातात, आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटी पदे निघतात, त्यांसाठी जिल्हा परिषदेच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. तेथे बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार कोणते पद कोणत्या प्रवर्गाचे याचे रजिस्टर, सांभाळणे हे कौशल्याचे काम आहे. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानातील रिक्त जागांपैकी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला. त्याच गावात हे रजिस्टर हलगर्जीपणे ठेवलेले पाहणे खेदाचे आहे.

प्रश्न : इंग्रजी आणि कन्नड किती यावे?

पत्रव्यवहार आणि मानांकनाची कागदपत्रे इंग्रजीत असतात, तेवढे लिहिता यावे. कन्नड बोलता आले तर बेळगाव भागातून आलेल्या मुलींशी संवाद सोपा होतो, पण त्यावाचून अडत नाही. सफाई कर्मचाऱ्यांना सूचना मात्र स्वच्छ मराठीतच द्याव्यात.

प्रश्न : मुलाखतीत काय विचारतात, आणि आपण काय विचारावे?

पगाराचा हिशेब, नोंदणीची पडताळणी, अंतर्गत समितीची रचना आणि एखाद्या वॉर्डाचा ड्युटी चार्ट, एवढे तयार ठेवावे. काही ठिकाणी वैद्यकीय संचालक सरळ प्रसंग सांगतात : रात्री अकराला अतिदक्षता विभागाची सिस्टर तापाने आडवी झाली आहे, तुम्ही कोणाला फोन कराल? पहिला फोन रात्रपाळीच्या नर्सिंग सुपरवायझरला करणे हे योग्य उत्तर आहे. उमेदवार स्वतःच वॉर्डात माणसे हलवू लागला तर ते त्याच्या विरोधात जाते.

आपणही विचारावे. एचआरचा अहवाल कोणाकडे जातो, संचालकांकडे की लेखा विभागाकडे? ड्युटी चार्टवर अंतिम सही कोणाची असते? परिचारिकांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मिळाले नाही, तर नेमणूकपत्र स्वीकारण्यापूर्वी संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत एकदा त्या रुग्णालयाच्या वॉर्डांतून चक्कर मारून यावी.